पाव गोळीचा हिशेब आणि छापलेलं औषध

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जिभेवर विरघळणाऱ्या, यंत्रावर छापलेल्या औषधांबद्दल पानभर लेख आला. एरवी पेपरात औषधांचं नाव येतं ते धाड, भेसळ नाहीतर भाववाढ याच निमित्ताने, त्यामुळे बरं वाटलं. पण लेखात काही गोष्टी चुकीच्या आल्या आहेत आणि हे तंत्र ज्यांच्यासाठी खरोखर कामाचं आहे त्यांचा त्यात उल्लेखच नाही. मी नागपुरातल्या एका रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी आहे. नोकरीतली बहुतेक वर्षं बालरोग विभागाच्या औषधालयात गेली. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री आपल्या हातात आहेच, फक्त ग्लिसरीनबद्दल लिहिलंय तेवढं कापू नका.

आधी चुका. लेखात म्हटलंय की फिल्म, म्हणजे औषधाचा कागदासारखा पातळ तुकडा, जिभेवर ठेवली की औषध ‘थेट रक्तात’ जातं, पोटात जातच नाही. बहुतेक फिल्मच्या बाबतीत असं होत नाही. फिल्म काही सेकंदांत लाळेत विरघळते, ती लाळ आपण गिळतो आणि पुढचा रस्ता गोळीचाच: पोट, आतडं, यकृत. उलट्यांवरच्या ऑन्डानसेट्रॉनच्या फिल्मला अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली, तेही औषध असंच गिळलं जातं. फायदा हा की पाण्याचा घोट लागत नाही, आणि ज्याच्या पोटात पाणीही ठरत नाही त्याच्यासाठी तो फायदा मोठाच आहे. गालाच्या आत किंवा जिभेखाली चिकटून तिथूनच औषध शरीरात सोडणाऱ्या फिल्म वेगळ्या. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिनची फिल्म त्या जातीतली.

हा फरक मी उगाच उगाळत नाही. लेख आला त्याच आठवड्यात एक काका आमच्या खिडकीशी आले, हातात आपल्या पुरवणीचं कात्रण. “मॅडम, बीपीची गोळी जिभेखाली ठेवली तर लवकर लागेल ना? पेपरात आलंय.” गोळी अ‍ॅम्लोडिपिनची. ती मुळातच सावकाश काम करणारी आहे आणि गिळण्यासाठीच बनवलेली आहे. जिभेखाली ठेवून तोंड कडू होण्यापलीकडे काही हाती लागायचं नाही. समजावून सांगितलं. त्यांना कितपत पटलं कोण जाणे, छापलेल्या अक्षरापुढे खिडकीतल्या बाईचं किती चालणार!

दुसरं असं की अमेरिकेने २०१५ मध्ये ज्याला मान्यता दिली ती लेखात म्हटलंय तशी छापील फिल्म नव्हे, छापील गोळी होती. अपस्मारावरचं लेव्हेटिरासेटाम. पावडरचा थर पसरायचा, त्यावर द्रवाचे थेंब सोडून तो चिकटवायचा, पुन्हा थर, पुन्हा थेंब, अशी ती थ्रीडी छपाई. घोटभर पाण्यात ती गोळी झटकन विरघळते आणि तिच्यात १००० मिलिग्रॅमपर्यंत औषध मावतं. टपाल तिकिटाएवढ्या फिल्मवर त्याच्या जवळपासही औषध बसत नाही.

आणि तिसरी, सगळ्यात दिशाभूल करणारी गोष्ट. लेखासोबत जी फिल्मची पाकिटं दाखवली आहेत ती दुकानात मिळणारी आहेत, आणि ती छापलेली नाहीत. ती ओतून केलेली आहेत. पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचं, म्हणजे डिंकासारख्या पदार्थाचं, दाट द्रावण करतात, त्यातच औषध, गोडवा, स्वाद आणि फिल्म लवचीक राहावी म्हणून थोडं ग्लिसरीन घालतात. आपल्याकडे आंब्याची पोळी ताटात पसरून वाळवतात तसंच हे द्रावण सरकत्या पट्ट्यावर पातळ पसरून गरम हवेच्या बोगद्यातून नेतात, मग वाळलेल्या पट्ट्याचे तुकडे कापून एकेक तुकडा फॉइलच्या पाकिटात बंद करतात. अमेरिकेत २००१ साली तोंडाला सुवास देणाऱ्या पट्ट्या आल्या त्या अशाच. आपल्या नागपूरजवळ कळमेश्वरच्या एमआयडीसीत झिम लॅबोरेटरीज ही कंपनी अशा फिल्म बनवते, तेव्हा हे तंत्र काही सातासमुद्रापलीकडचं नाही. फक्त ओतलेल्या फिल्मचा स्वभाव गोळीसारखाच असतो: घाण्यातून निघणारे सगळे तुकडे एकाच ताकदीचे. आणि आपल्याकडे त्यातून काउंटरवर पोचतं काय, तर ड जीवनसत्त्व, बी-१२, तोंडाचा वास घालवणाऱ्या पट्ट्या आणि एक औषध जे गिऱ्हाईक आवाज खाली आणून मागतं. ज्याला गोळी गिळायचा कंटाळा आहे त्याची सोय झाली. ठीक आहे, होऊ दे.

छपाईत गोष्ट वेगळी आहे. तिथे फिल्म कोरी असते आणि औषध शाईत असतं. हवं तेवढंच औषध, हव्या त्या रुग्णाच्या नावाने, त्या कोऱ्या तुकड्यावर टाकता येतं. एका तुकड्यावर १ मिलिग्रॅम, शेजारच्या तुकड्यावर १.३. आता हे कुणाला लागतं ते सांगते.

समजा पाच किलोचं बाळ आहे, हृदयाला जन्मतः छिद्र आहे, शस्त्रक्रियेची तारीख लांब आहे. डॉक्टर स्पायरोनोलॅक्टोन हे लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारं औषध लिहितात, किलोमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे ५. आमच्या कपाटात येते ती गोळी २५ मिलिग्रॅमची. पाचवा हिस्सा करायचा. गोळीवर फार तर मधोमध एक खाच असते, पाच भागांची नसते. मग रेसिडेंट डॉक्टर कागदावर लिहून देतात: गोळी ५ मिली पाण्यात घोळवा, त्यातलं १ मिली द्या, बाकी फेकून द्या. हिशेब बरोबर आहे, औषध मात्र तो हिशेब पाळत नाही, कारण स्पायरोनोलॅक्टोन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. वाटीत चमचा फिरवून आई सिरिंज आणायला वळते तोवर चुरा तळाशी बसतो. वरून ओढलं तर बाळाला पाणी, तळातून ओढलं तर भलताच डोस. वॉर्डात नाकातून नळी घातलेल्या बाळाला हाच गढूळ चुरा सिरिंजमधून देताना त्यातला काही सिरिंजच्या कडांना चिकटतो, काही नळीत अडकतो, आणि मग नळी तुंबली म्हणून सिस्टर आमच्याच नावाने ओरडतात.

सावनेरकडची एक आजी नातवाची औषधं न्यायला यायची. लेक कामावर, म्हणून औषध पाजायचं काम तिच्याकडे. एकदा पदराची गाठ सोडून तिने तुकड्यांची पुडी माझ्यापुढे उघडली. “बाई, गोयी तोडाले गेली का भुगाच होते. कोणता पाव अन् कोणता अर्धा, मले तं दिसतच नाई.” तुकडे पाहिले तर खरोखर एकही दुसऱ्यासारखा नव्हता. एक चतकोर म्हणावा असा, दोन नुसत्या खपल्या, बाकी पीठ. मुलाला थायरॉईडची गोळी चालू होती. मोजावी लागते ती मायक्रोग्रॅममध्ये, आणि मोजमाप आजीच्या नखाचं.

म्हणून आम्ही पुड्या करतो. निदान जिथे माणूसबळ आहे तिथे करतो. गोळ्या खलात बारीक करायच्या, त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, मिसळायचं, तेही एकदम नाही. जेवढं औषध तेवढंच लॅक्टोज, ते एकजीव झालं की पुन्हा तेवढंच, असं वाढवत न्यायचं, नाहीतर औषध एका कोपऱ्यात आणि लॅक्टोज दुसऱ्या कोपऱ्यात राहतं. मग काट्यावर तोलून बटर पेपरच्या चौकोनात घालून घडी घालायची. आधी तळाची कड वर, मग दोन्ही बाजू आत, शेवटी वरचं टोक खाली खोचायचं. हात बसला की भराभर होतात. तरी थोडं औषध खलाला राहतं, थोडं कागदाला. घरी गेल्यावर आई पुडी उघडते ती पंख्याखाली. ‘पुडी सोडताना पंखा बंद करा’ हे वाक्य मी औषधाच्या नावाइतक्याच वेळा बोलले असेन. आणि पुडीवर ओळख म्हणाल तर माझ्या बॉलपेनने लिहिलेलं नाव नि तारीख. १ ऑगस्ट २०२३ पासून देशात ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा झाला, ते चांगलंच झालं. माझी पुडी त्या सगळ्याच्या बाहेर.

आता छपाईकडे येते. आपल्या कार्यालयात जो इंकजेट प्रिंटर असेल त्याचंच तत्त्व. अतिसूक्ष्म नळीत शाई क्षणभर तापवून बुडबुडा उठवतात आणि त्याच्या धक्क्याने थेंब बाहेर फेकला जातो, किंवा विजेने आकसणाऱ्या स्फटिकाने नळी दाबतात. थेंब काही पिकोलिटरचा असतो. १० पिकोलिटरचा थेंब धरला तर एका मिलीत असे १० कोटी थेंब होतात. एवढ्या बारीक मापाने औषध टाकणारा हात माणसाला नाही. डोस वाढवायचा तर छपाईचं क्षेत्र वाढवायचं किंवा त्याच जागेवरून आणखी एक फेरी मारायची. लंडनच्या स्कूल ऑफ फार्मसीत २०११ साली बटाट्याच्या स्टार्चच्या फिल्मवर दम्याचं सालब्युटामॉल असं छापून दाखवलं गेलं.

माझ्या कामाच्या सगळ्यात जवळचा प्रयोग फिनलंडमधला आहे, २०१९ चा. तुर्कूच्या ओबो अकादमी विद्यापीठातल्या संशोधकांनी हेलसिंकीच्या विद्यापीठ रुग्णालयाच्या फार्मसीत चालणारी पद्धत घेतली. पद्धत काय, तर वॉर्फरिनच्या गोळ्या कुटून लॅक्टोजमध्ये मिसळून पुड्या! वाचताना हसूच आलं. तिथेही तेच चाललंय. त्यांनी ०.१, ०.५, १ आणि २ मिलिग्रॅमचे डोस तीन तऱ्हांनी केले: पुडी, इंकजेटने छापलेली फिल्म आणि थ्रीडी यंत्रातून पिळून काढलेली फिल्म. महिनाभर ठेवून तपासलं, नाकातल्या नळीतून जातं का तेही पाहिलं. छापलेल्या फिल्म चालू पद्धतीपेक्षा सरस आहेत असा निष्कर्ष निघाला. वॉर्फरिन निवडलं त्यालाही कारण आहे. रक्त पातळ ठेवणारं हे औषध कमी पडलं तर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव, आणि रक्ताच्या तपासणीनुसार डोस सारखा बदलतो. आमच्याकडे हृदयाची झडप बदललेल्या मुलांच्या कागदावर असतं: सोम-बुध-शुक्र अर्धी, बाकीचे दिवस पाव. आठवडाभराची बेरीज जुळावी म्हणून रोजचा डोस वर-खाली. घरातल्या कॅलेंडरवर आई खुणा करते आणि सणाच्या आठवड्यात कुणीतरी विसरतंच.

कोपनहेगनच्या विद्यापीठात २०१८ मध्ये तर फिल्मवर हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या औषधाच्या शाईने क्यूआर कोडच छापला. म्हणजे औषध आणि त्याची ओळख एकाच ठिपक्यांत. आपल्या लेखात या प्रयोगाला अर्धा रकाना आहे. गंमत आहे खरी, पण सावनेरच्या आजीला मोबाईल दाखवून काही व्हायचं नाही. तिला हवाय एक तुकडा, जो रोज सारखाच असेल.

तरी सगळीकडे प्रिंटर लावा असं मी मुळीच म्हणत नाही. जिथे लहान ताकदीची, पाण्यात विरघळणारी साधी गोळी करता येते तिथे तीच करावी. ती स्वस्त पडते, गावापर्यंत पोचते, उन्हाळ्यात टिकते. मुलांच्या क्षयरोगाचं बघा. २०१५ च्या अखेरीस रिफॅम्पिसिन ७५, आयसोनायझाइड ५० आणि पायराझिनामाइड १५० मिलिग्रॅम अशी मुलांच्या मापाची विरघळणारी गोळी आली. वजनाप्रमाणे गोळ्या मोजायच्या आणि पाण्यात घालायच्या, तोडण्याचं नाव नाही. हायड्रोकॉर्टिसोनचं तसंच. ज्या मुलांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी जन्मतः कॉर्टिसोल हे संप्रेरक बनवू शकत नाहीत त्यांना ते आयुष्यभर लागतं, तान्ह्याला एका वेळी जेमतेम मिलिग्रॅमभर. युरोपात २०१८ मध्ये अर्ध्या मिलिग्रॅमपासूनचे दाणे कॅप्सूलमध्ये घालून द्यायला मान्यता मिळाली. आम्ही अजून गोळीचे तुकडेच करतोय. यात छपाई लागतच नाही, कुणीतरी लहान माप बनवायला हवं. पण अशी मुलं थोडी, औषध स्वस्त, कंपनीला त्यात काय मिळणार! तेव्हा जी औषधं कुणी बनवणार नाही आणि ज्यांचा डोस सारखा बदलतो, तेवढ्यापुरतीच छपाई, आणि तीही रुग्णालयाच्या औषधालयात. यापलीकडे मला तिचा मोह नाही.

शिवाय तिच्या अडचणी प्रयोगशाळेच्या लेखात जेवढ्या दिसतात त्याहून आपल्याकडे जास्त असणार. पॅरासिटामॉलसारखं शेकड्यांनी मिलिग्रॅम लागणारं औषध फिल्मवर येत नाही. जे पाण्यात विरघळत नाही त्याला दुसरं द्रावक शोधावं लागतं किंवा बारीक कण तरंगते ठेवावे लागतात, आणि मग यंत्राची नोझल तुंबतात. (वर सांगितलेलं स्पायरोनोलॅक्टोन या त्रासदायकांतलंच, हेही सांगायला हवं.) औषध कडू असेल तर जिभेवर विरघळताना त्याचा कडूपणा पुरेपूर लागतो, पोर थुंकून मोकळं होतं. हवेचं तर विचारूच नका. मे महिन्यात नागपुरात अशी फिल्म कोरडी पडून मोडेल आणि जुलैत बोटाला चिकटून बसेल, पाकीट नीट बंद नसलं तर. फिनलंडच्या महिनाभराच्या टिकाऊपणावर आपण विसंबू नये.

आता ग्लिसरीन. लेखात एक वाक्य आहे की फिल्म आल्या की ‘विषारी सिरपचा प्रश्नच मिटेल’. संपादक महोदय, हे वाक्य नागपूरच्या पेपरात यायला नको होतं. गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची मुलं मूत्रपिंड निकामी होऊन याच शहरातल्या रुग्णालयांत आली. वीसहून जास्त मुलं गेली. खोकल्याच्या त्या सिरपच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं ४८.६ टक्के, मर्यादा आहे ०.१ टक्का. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण याच विषाने दगावले, तेव्हा ते ग्लिसरीनमधून आलं होतं, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्यावर केवढा अहवाल दिला! हे विष औषधात मुद्दाम कुणी घालत नाही. ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल म्हणून जे पिंप येतं त्यातूनच ते येतं, कारण औषधी प्रतीच्या ऐवजी कारखान्याच्या कामाचा स्वस्त माल कुणीतरी खपवतो आणि पिंप उघडल्यावर कुणी तपासत नाही.

फिल्म लवचीक राहते ती कशाने? बहुतेक वेळा ग्लिसरीनने किंवा तसल्याच ग्लायकॉलने. छपाईच्या शाईला हवा तेवढा दाटपणा येतो तो कशाने? प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनने. पिंप तेच, पुरवठादारांची साखळीही तीच. फिल्ममध्ये त्याचं प्रमाण सिरपच्या मानाने फारच थोडं असतं, त्यामुळे धोका कमी, हे मला कळतं. पण उद्या रुग्णालयात शाई बनणार असेल तर त्या द्रावकाच्या प्रत्येक बाटलीची तपासणी आधी, शाई नंतर. छपाई आली म्हणजे तपासणीतून सुटका झाली असं कुणी समजू नये, आणि पेपराने तर नाहीच नाही.

तपासणीवरून मूळ मुद्द्यावर येते. यंत्र आणणं सोपं आहे. छापलेल्या तुकड्यात नेमकं किती औषध उतरलं, हे कोण सांगणार? कारखान्यात हजारो गोळ्यांतून काही नमुने काढून फोडतात आणि तपासतात. एका मुलासाठी सात तुकडे छापले तर त्यातले किती फोडणार? न फोडता प्रकाशाच्या साहाय्याने मोजायच्या पद्धती आहेत, नियर इन्फ्रारेड म्हणतात ती त्यातली एक, पण ती प्रत्येक औषधासाठी आधी बसवून, ताडून घ्यावी लागते. ते काम खिडकी सांभाळता सांभाळता होणारं नाही.

आणि कायदा. फार्मसी अ‍ॅक्ट १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध तयार करून देणं हे नोंदणीकृत औषधनिर्मात्याचं काम आहे. पुडी त्यात बसते. छापलेली फिल्म बसते का? की ते उत्पादन झालं, आणि त्याला कारखान्यासारखा परवाना लागणार? २०१९ च्या नव्या औषध नियमांत जुन्याच औषधाचं नवं रूप बाजारात आणायचं तर तेही ‘नवीन औषध’ धरलं जातं. कंपनीसाठी हे योग्यच आहे. पण एका मुलासाठी सात तुकडे छापणाऱ्या औषधालयाला कुठल्या रांगेत उभं करणार, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. ब्रिटनने हा गुंता सोडवायला रुग्णाच्या जवळ औषध बनवण्यासाठी स्वतंत्र नियम केले, ते २३ जुलै २०२५ पासून लागू झाले. ते जसेच्या तसे उचला असं मी म्हणत नाही. निदान अन्न व औषध प्रशासनाने आणि दिल्लीच्या औषध नियंत्रकांनी बसून एवढं तरी ठरवावं की रुग्णालयातली छपाई म्हणजे चिठ्ठीवरची पुडी की कारखान्याचा माल, आणि चूक झाली तर उत्तर कुणी द्यायचं. हे ठरलं नाही तर कुठलाही शहाणा औषधनिर्माता त्या यंत्राला हात लावणार नाही. मीही लावणार नाही.

माझं म्हणणं छोट्यापासून सुरू करण्याचं आहे. लहान मुलांची हृदय शस्त्रक्रिया जिथे होते असं एखादं शासकीय रुग्णालय घ्यावं आणि एकच औषध घ्यावं, रक्त पातळ ठेवणारं. कोऱ्या फिल्म इथल्याच कारखान्याकडून विकत घ्याव्यात, त्या आपण बनवायचा आटापिटा नको. तपासणीसाठी विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागाशी करार करावा. तिथे यंत्रं आहेत, विषय शोधत फिरणारी एम.फार्म.ची मुलं आहेत. वर्षभर पुडी आणि फिल्म शेजारी शेजारी तपासाव्यात आणि जे निघेल ते, वाईट निघालं तरी, छापावं. फिल्म हरली तर पुडी सुधारू. चांगला काटा, धूळ अडवणारी पेटी आणि शिकवलेली माणसं मिळाली तर पुडीसुद्धा आजच्यापेक्षा पुष्कळ बरी होते.

माणसांचं सांगून थांबते. आमच्याकडे एका मोठ्या यंत्रावर प्लॅस्टिकचं आवरण अजून तसंच आहे, कारण ते चालवणाऱ्याचं पद भरलेलं नाही. औषधालयात मंजूर पदांपैकी काही वर्षानुवर्षं रिकामी आहेत. रात्रपाळीला एकच जण असतो, आणि त्या वेळी पुड्या होत नाहीत, गोळी तोडूनच जाते. तुमच्या लेखावरून उद्या कुणी मंत्री छापील औषधाची घोषणा करतील आणि खरेदीची निविदा निघेल. त्याआधी औषधनिर्मात्यांच्या रिक्त पदांची जाहिरात निघाली की नाही, एवढं आपल्या वार्ताहराने आरोग्य खात्याला विचारावं आणि मिळेल ते उत्तर त्याच पुरवणीत छापावं, ही विनंती.

आपली,
एक औषधनिर्माण अधिकारी, नागपूर
(सेवेत असल्यामुळे नाव प्रसिद्ध करू नये. नाव व पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे.)